घड्याळाची लय आणि सुराची लय : एडवर्ड एल्गार यांच्या सिंफनींच्या ध्वनिमुद्रणांचा तौलनिक विचार

१. प्रश्नाची मांडणी

सिंफनी ही मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली, बहुधा चार भागांची रचना असते. तिच्यातील प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर, त्याची लांबी, त्याचा जोर आणि बहुतेक ठिकाणी त्याची गतीसुद्धा रचनाकाराने स्वरलिपीत लिहून ठेवलेली असते. त्यामुळे ख्यालाच्या मैफलीत ज्याचा कान घडला आहे अशा श्रोत्याला सहज प्रश्न पडतो की, सगळे वाद्यवृंद तेच स्वर वाजवणार असतील, तर एकाच सिंफनीची वीस-तीस ध्वनिमुद्रणे व्हावीत आणि जाणकारांनी ती एकमेकांशेजारी ठेवून वर्षानुवर्षे ऐकावीत, याचे प्रयोजन काय. या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडील नायकी आणि गायकी या जोडशब्दात बरेचसे सापडते. गुरूकडून जशी मिळाली तशी बंदिश म्हणजे नायकी, आणि त्या बंदिशीला गवयाने दिलेले स्वतःचे रूप म्हणजे गायकी. सिंफनीची स्वरलिपी ही नायकी धरली, तर वाद्यवृंदाचा संचालक तिच्यात जी गायकी आणतो ती स्वर बदलून आणत नाही. लय किती ताणायची, कोणते वाद्य किती वर काढायचे, एका स्वरातून दुसऱ्या स्वरात कसे जायचे आणि कोठे श्वास घ्यायचा, एवढ्याच गोष्टी त्याच्या हाती असतात, आणि एवढ्याच गोष्टींनी रचनेचे रूप पालटून जाते.

या दृष्टीने इंग्लंडचे रचनाकार एडवर्ड एल्गार (१८५७–१९३४) यांच्या सिंफनी विशेष अभ्यासनीय ठरतात, कारण आपल्या दोन्ही पूर्ण सिंफनी स्वतःच्या संचालनाखाली ध्वनिमुद्रित करून ठेवणारे ते पहिल्या काही थोर रचनाकारांपैकी एक होते. म्हणजे येथे नायकीचा कागदही उपलब्ध आहे आणि नायकाने स्वतः केलेले गायनही उपलब्ध आहे. वरवर पाहता यामुळे वाद मिटायला हवा होता. प्रत्यक्षात तो येथूनच सुरू झाला. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे की, रचनाकाराची तबकडी हा अखेरचा निवाडा नसून एक साक्ष आहे, आणि ती साक्ष नीट ऐकली तर असे दिसते की रचनेशी असलेले इमान घड्याळाच्या काट्यावर मोजता येत नाही, ते लयीच्या आतल्या नात्यांवरून पारखावे लागते.

२. दोन सिंफनी

एल्गारांची पहिली सिंफनी ३ डिसेंबर १९०८ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये हॅले वाद्यवृंदाने हान्स रिख्टर यांच्या संचालनाखाली प्रथम सादर केली आणि ती रिख्टर यांनाच अर्पण केलेली आहे. एल्गार त्या वेळी ५१ वर्षांचे होते. पुढच्या वर्षभरातच या रचनेचे सुमारे शंभर प्रयोग झाले, असे यश त्यापूर्वी कोणत्याही इंग्रज सिंफनीला मिळाले नव्हते. दुसरी सिंफनी सातवे एडवर्ड यांच्या स्मृतीस अर्पण झाली आणि २४ मे १९११ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये एल्गारांनी स्वतः ती सादर केली. पण तिचे स्वागत थंडपणे झाले, आणि तिला खऱ्या अर्थाने श्रोते मिळायला १९२० उजाडावे लागले, जेव्हा एड्रियन बोल्ट या तरुण संचालकाने त्याच सभागृहात ती पुन्हा उभी केली.

पहिल्या सिंफनीच्या आरंभी एक संथ, चालत आल्यासारखी सुरावट येते, जिला या रचनेचे ध्रुवपद म्हणता येईल, कारण ती पुढे चारही भागांत कोठे उघड तर कोठे आडून डोकावत राहते. तिच्यावर एल्गारांनी इटालियन भाषेत, उदात्तपणे आणि साधेपणाने वाजवावी, अशी सूचना लिहिली आहे. या दोन शब्दांतच संचालकांची परीक्षा आहे. उदात्तपणाकडे झुकले की ही सुरावट राजदरबारी मिरवणूक बनते, आणि साधेपणाकडे झुकले की ती एखाद्या वृद्धाने स्वतःशी गुणगुणल्यासारखी वाटते.

याहून महत्त्वाची जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या सांध्यावर आहे. दुसरा भाग अतिद्रुत लयीचा असून त्यात व्हायोलिने धावत्या, बारीक स्वरांची एक अखंड लड गुंफत राहतात. मग हळूहळू ती धावपळ विरत जाते, आणि मध्ये न थांबता तिसरा, अतिविलंबित भाग सुरू होतो. त्याची सुरावट ऐकताना पूर्णपणे नवी वाटते, पण तिचे स्वर क्रमाने मोजले तर ते दुसऱ्या भागातील त्या धावत्या लडीचेच असतात. एकच स्वरावली द्रुतात अस्वस्थ करते आणि विलंबितात निववते. आता हे नाते श्रोत्याच्या कानी पडायचे असेल, तर दोन भागांच्या लयींमधील अंतर अचूक राखावे लागते. तिसरा भाग फार संथ घेतला तर स्वर एकमेकांपासून इतके दूर जातात की मूळची लड ओळखू येत नाही, आणि पुरेसा संथ घेतला नाही तर रूपांतराचा चमत्कारच घडत नाही. म्हणजे येथे एका भागाची लय ही त्या भागापुरती बाब नसते. ती दुसऱ्या भागाशी केलेला करार असते.

३. रचनाकाराची साक्ष

एल्गारांनी दुसरी सिंफनी आधी भोंग्यासमोर वादक बसवून, म्हणजे विजेच्या माइकशिवाय, ध्वनिमुद्रित केली होती. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास आल्यावर त्यांनी हीच सिंफनी १ एप्रिल १९२७ रोजी क्वीन्स हॉलमध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून पुन्हा वाजवून घेतली, आणि त्याच वाद्यवृंदाबरोबर नोव्हेंबर १९३० मध्ये लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये पहिली सिंफनी ध्वनिमुद्रित केली.

त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांहून अधिक संगीत मावत नसे. याच मर्यादेत अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गवयांनी राग तीन-साडेतीन मिनिटांत आटोपशीर बांधून दाखवला. पण सिंफनी लिहिलेली असल्यामुळे तिला असे आवळता येत नव्हते, तिचे तुकडेच करावे लागत. एकेका सिंफनीला सहा तबकड्यांच्या बारा बाजू लागत, आणि दर चार मिनिटांनी वाद्यवृंद थांबून नवी मेणाची तबकडी चढेपर्यंत वाट पाही.

एल्गारांची पहिली सिंफनी सुमारे ४६ मिनिटांत आणि दुसरी सुमारे ४८ मिनिटांत संपते. नंतरच्या बहुतेक संचालकांना यापेक्षा बराच अधिक वेळ लागला आहे. तबकडीच्या बाजूत मावावे म्हणून एल्गारांना घाई करावी लागली असावी, असा आक्षेप यावर घेतला जातो, पण तो फारसा टिकत नाही, कारण तबकडीची एखादी बाजू वाढवता आली असती, आणि शिवाय त्या लयीत कोठेही कोंडल्यासारखे वाटत नाही. उलट या तबकड्यांचे खरे वैशिष्ट्य त्यांचा वेग नसून त्यांची लवचीकता आहे. एल्गारांनी आपल्या स्वरलिपीत लय कोठे सोडायची, कोठे ओढायची आणि कोठे पसरू द्यायची, याच्या खुणा ओळीओळीवर एकेका अक्षराने केलेल्या आहेत, आणि स्वतः संचालन करताना ते त्या खुणांच्याही पुढे जातात. सुरावट चढू लागली की लय पुढे झेपावते आणि शिखराशी येताच क्षणभर रुंद होऊन पुन्हा वाहू लागते. मेट्रोनोम या यंत्रानुसार गतीचे जे आकडे त्यांनी छापून घेतले होते, त्यांना ते स्वतःही बांधून घेत नाहीत. जलद लयीतही संगीत धापा टाकत नाही याचे कारण हेच की, ती लय सरळ रेषेत धावत नसून श्वासाप्रमाणे आत-बाहेर होते.

४. कागदावर नसलेला स्वर

१९२७ च्या तबकडीशी निगडित एक लहानशी घटना या साऱ्या चर्चेच्या केंद्रस्थानी ठेवण्याजोगी आहे. दुसऱ्या सिंफनीच्या अखेरच्या भागात वाद्यवृंद एका मोठ्या चढावर पोचतो तेव्हा पहिल्या ट्रंपेटला एक अतिशय उंच स्वर दिलेला आहे आणि तो एका मात्राखंडापुरताच लिहिलेला आहे, म्हणजे पुढच्या खंडाच्या उंबरठ्यावर तो सोडून द्यायचा आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ट्रंपेटवादक अर्नेस्ट हॉल यांनी तो सोडला नाही. ते तो पुढच्या खंडातही तसाच तेवत ठेवून राहिले. एल्गारांना ते आवडले आणि त्यांनी त्याला संमती दिली, कारण तो स्वर असाच लांबावा असे त्यांच्याही मनात होते, पण इतक्या उंचीवर तो धरून ठेवणे वादकाला झेपणार नाही असे वाटल्याने त्यांनी तो लिहिताना आखूड ठेवला होता.

त्यानंतर कित्येक वाद्यवृंदांतील ट्रंपेटवादक तो स्वर लांबवत आले आहेत, आणि ही रीत छापील कागदातून नव्हे तर तबकडीतून व वादकाकडून वादकाकडे पोचलेली आहे. ज्या संगीतपरंपरेचा सारा भर लिखितावर आहे असे मानले जाते, तिच्यातही एक स्वर असा गुरुमुखातून आल्यासारखा टिकून राहिला, ही बाब लक्षणीय आहे. तिचा आणखी एक अर्थ असा की, रचनाकाराने लिहिलेले आणि रचनाकाराला हवे असलेले या दोहोंत अंतर असू शकते, आणि ते अंतर कधी कधी एखादा वादकच भरून काढतो. तेव्हा रचनाकाराची तबकडी जर काही शिकवत असेल, तर ती आज्ञाधारकपणा शिकवत नाही. रचनेच्या पोटात शिरून ऐकणे शिकवते.

५. दोन वारसदार : बोल्ट आणि बार्बिरोली

एल्गारांना प्रत्यक्ष ऐकलेल्या पुढच्या पिढीत दोन संचालकांची नावे सर्वांत आधी घ्यावी लागतात, आणि त्यांची तुलना विशेष बोधप्रद ठरते, कारण एकाच झऱ्याचे पाणी दोघांनी दोन वेगवेगळ्या दिशांना वळवलेले आहे.

एड्रियन बोल्ट (१८८९–१९८३) यांनी दुसरी सिंफनी पाच वेळा ध्वनिमुद्रित केली. त्यांतील पहिले ध्वनिमुद्रण १९४४ मध्ये, युद्धकाळातील बॉम्बहल्ल्यांमुळे बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राचा मुक्काम बेडफर्ड येथे हलवलेला असताना झाले, आणि शेवटचे लंडन फिलहार्मोनिकबरोबर, बोल्ट यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर, १९७५–७६ मध्ये झाले. बोल्ट यांच्या संचालनात लय फारशी लवत नाही. दूरवर दिसणाऱ्या शिखराकडे नजर ठेवून सारखी पावले टाकत जाणाऱ्या प्रवाशाप्रमाणे ती चालते, आणि त्यामुळे रचनेचा एकूण बांधा कानाला लख्ख दिसतो. व्हायोलिनांचे दोन गट संचालकाच्या डाव्या आणि उजव्या हाताला समोरासमोर बसवण्याची जुनी रीत बोल्ट यांनी आग्रहाने पाळली. एल्गारांनी ज्या जागी पहिल्या व दुसऱ्या व्हायोलिनांत सवाल-जवाब लिहिले आहेत, तेथे स्टिरिओ ध्वनिमुद्रणात ते दोन बाजूंनी येताना ऐकले की ही मांडणीसुद्धा रचनेचाच भाग होती हे पटते.

जॉन बार्बिरोली (१८९९–१९७०) हे मूळचे चेलोवादक. १९१९ मध्ये एल्गारांच्या चेलो कंचेर्तोचा पहिला प्रयोग झाला तेव्हा ते वाद्यवृंदात बसलेले होते, आणि डिसेंबर १९२७ मध्ये संचालक थॉमस बीचम यांच्या जागी ऐनवेळी उभे राहून त्यांनी दुसऱ्या सिंफनीचे संचालन केले, ज्यातून त्यांच्यापुढे ध्वनिमुद्रणाची दारे उघडली. बार्बिरोली प्रत्येक सुरावटीला चेलोच्या गजाप्रमाणे शेवटपर्यंत ओढतात. १९६२ मध्ये फिलहार्मोनिया वाद्यवृंदाबरोबर केलेल्या त्यांच्या पहिल्या सिंफनीला सुमारे ५४ मिनिटे लागतात, म्हणजे एल्गारांपेक्षा आठ मिनिटे अधिक, आणि तरीही ती लवचीकतेच्या बाबतीत एल्गारांच्या अधिक जवळची वाटते. हॅले वाद्यवृंदाबरोबर बार्बिरोलींनी पहिली सिंफनी १९५६ मध्ये आणि दुसरी १९५४ व १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित केली. मुंबईत १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे व्हायोलिनवादक मेहली मेहता हे पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात याच हॅले वाद्यवृंदात बार्बिरोलींच्या हाताखाली वाजवत होते, ही नोंद मराठी श्रोत्याला आपुलकीची वाटावी. बार्बिरोलींचे पहिल्या सिंफनीचे अखेरचे वादन २४ जुलै १९७० रोजी किंग्ज लिन येथील एका जुन्या चॅपेलमध्ये झाले, ते ध्वनिमुद्रित झालेले आहे, आणि त्यानंतर पाचच दिवसांनी त्यांचे निधन झाले.

घड्याळ लावून पाहिले तर बार्बिरोली रचनाकारापासून दूर जातात. पण त्यांच्या संथ लयीतही प्रत्येक स्वरवाक्याचा चढ-उतार जिवंत असतो, आणि द्रुत व विलंबित भागांमधील तो करार ते मोडत नाहीत, कारण दोन्ही बाजू ते सारख्याच प्रमाणात रुंद करतात. बोल्ट यांच्याकडे रचनेचा सांगाडा आहे, बार्बिरोलींकडे तिचे रक्ताभिसरण आहे, आणि एल्गारांच्या स्वतःच्या तबकडीत या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात.

६. अठ्ठेचाळीस आणि पासष्ट

या चर्चेची दोन टोके सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत गाठली गेली. हंगेरीत जन्मलेल्या गेओर्ग शोल्ती यांनी १९७२ मध्ये पहिली आणि १९७५ मध्ये दुसरी सिंफनी लंडन फिलहार्मोनिकबरोबर ध्वनिमुद्रित करताना एल्गारांच्या तबकड्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यांच्या गती बऱ्याच अंशी स्वीकारल्या. परिणाम विलक्षण झाला. वर्षानुवर्षे संथपणाची पुटे चढलेल्या या रचनांची धार पुन्हा उघडी पडली, आणि इंग्रज संगीताला इंग्रजच न्याय देऊ शकतो हा समज मागे पडला. मात्र लय उचलली म्हणजे लयीतील हालचालही आपोआप आली असे होत नाही. शोल्तींच्या द्रुत जागा कित्येकदा ताठ वाटतात, जेथे एल्गार त्याच वेगात वाकतात.

इटालियन संचालक जुझेप्पे सिनोपोली यांनी १९८७ मध्ये फिलहार्मोनियाबरोबर केलेली दुसरी सिंफनी सुमारे ६५ मिनिटे चालते, म्हणजे रचनाकाराला लागलेल्या वेळाच्या एकतृतीयांशाहूनही थोडा अधिक वेळ ती जास्त घेते. हे ध्वनिमुद्रण चूक म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण योग्य नाही. दुसऱ्या सिंफनीच्या विलंबित भागात शोकयात्रेची मूळ सुरावट परत येते तेव्हा तिच्यावरून ओबो हे वाद्य जणू वाद्यवृंदाच्या लयीबाहेर राहून, आपल्याच तंद्रीत, स्वैर विलाप करत राहते. सिनोपोलींच्या पसरट लयीत हा एकाकी ओबो आणि खालची संथ पावले यांचे थर जितके सुटे ऐकू येतात, तितके क्वचितच कोठे येतात. पण त्याची किंमत पुढे मोजावी लागते. तिसऱ्या भागात तालवाद्यांचा एक घणाघाती लोंढा सबंध वाद्यवृंदाला गिळून टाकतो, आणि ही जागा रचनेतील दुःस्वप्न आहे. विलंबित भागाने श्रोत्याला आधीच इतके खोल नेलेले असेल, तर हा घाला आकस्मिक वाटत नाही. एल्गारांची जलद लय ओबोला कमी अवकाश देते, पण तो लोंढा तिच्यात अंगावर कोसळतो. म्हणजे प्रत्येक लय काही दाखवते आणि काही झाकते.

७. कंप, मींड आणि इतर प्रश्न

लयीखेरीज दुसरा वादाचा मुद्दा स्वराच्या पोताचा आहे. रॉजर नॉरिंग्टन यांनी १९९९ मध्ये श्टुटगार्टच्या रेडिओ वाद्यवृंदाकडून पहिली सिंफनी वाजवून घेताना तंतुवाद्यांतील कंप, म्हणजे डाव्या हाताचे बोट हलवून स्वराला दिली जाणारी थरथर, जवळपास वर्ज्य केली. त्यामुळे वाद्यवृंदाचा आवाज स्वच्छ आणि थंड झाला व आतील सुरावटी उजळल्या. पण १९३० च्या तबकडीत कंपही ऐकू येतो आणि त्याहून ठळकपणे मींड ऐकू येते, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात बोट न उचलता घसरत जाणे, जे मराठी कानाला अगदी ओळखीचे आहे. ही मींड पुढच्या पिढ्यांनी भावविवश म्हणून टाकून दिली, आणि तिच्याबरोबर एल्गारांच्या सुरावटीतील मानवी गळ्याचा ओलावाही पुष्कळसा गेला. व्हर्नन हँडली यांच्या १९८० च्या दुसऱ्या सिंफनीत अखेरच्या भागात ऑर्गनचे खर्ज स्वर मिसळलेले आहेत, जे छापील स्वरलिपीत नसून बोल्ट यांच्यामार्फत आलेल्या परंपरेतून उचललेले आहेत. पुढे डॅनिएल बारेनबॉइम यांनी दोन्ही सिंफनी बर्लिनच्या श्टाट्सकापेले वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या, तेव्हा त्या ब्राम्स आणि वाग्नर यांच्या शेजारी किती सहजपणे बसतात हे नव्याने ऐकू आले.

एल्गार गेले तेव्हा तिसऱ्या सिंफनीचे १३० हून अधिक पृष्ठांचे विखुरलेले आराखडेच मागे उरले होते. अँथनी पेन यांनी त्यांतून उभी केलेली रचना १५ फेब्रुवारी १९९८ रोजी अँड्र्यू डेव्हिस यांच्या संचालनाखाली लोकांसमोर आली. तिची ध्वनिमुद्रणे ऐकताना रचनाकाराच्या तबकडीचे मोल उलट बाजूने कळते, कारण येथे साक्षीदारच नाही, आणि लयीच्या कोणत्याही निर्णयाला विरोध करणारे किंवा दुजोरा देणारे काहीही हाताशी नाही.

८. मागच्या स्टँडवरचे वादक

समारोपासाठी पहिल्या सिंफनीतील एका सूचनेकडे परतणे उचित होईल. वाद्यवृंदात तंतुवाद्यांचे वादक दोघे-दोघे एका स्टँडवरून वाचतात. पुढच्या स्टँडवर अग्रणी बसतात, आणि शेवटचे स्टँड रंगमंचाच्या मागच्या कडेला, श्रोत्यांपासून सर्वांत दूर असतात. पहिल्या भागात ध्रुवपदाची सुरावट एके ठिकाणी परत येते तेव्हा ती तंतुवाद्यांच्या फक्त शेवटच्या स्टँडवरील वादकांनी वाजवावी, असे एल्गारांनी लिहिले आहे. आवाज नुसता हळू करायचा असता तर सर्वांनी हळू वाजवले असते तरी चालले असते. पण त्यांना हळूपणा नको होता, अंतर हवे होते. सुरावट कोठून येते आहे हे श्रोत्याला नेमके उमगू नये, ती कोणी वाजवत नसून सभागृहाला आठवत असल्यासारखी यावी, हा त्यामागचा हेतू दिसतो.

माइकला हे अंतर सहज पकडता येत नाही, कारण त्याचे काम दूरचे जवळ आणण्याचे आहे. काही ध्वनिमुद्रणांत ही जागा नुसती बारीक होते. काहींत मात्र ती खरोखर मागून येते, आणि ज्या संचालकाने त्या आठ-दहा वादकांना घाई न करता, पण रेंगाळूही न देता वाजवू दिले असेल, त्याच्याकडे लयीची आणि अवकाशाची जाण एकदमच प्रकट होते. एका तबकडीवर समाधान मानणाऱ्याला ही जागा ऐकू येतेच असे नाही. चार ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवणाऱ्याला ती ऐकू येऊ लागते, आणि एकदा ऐकू आली की पुढे दुबळ्या ध्वनिमुद्रणातही कान तिला शोधून काढतो. कोणते ध्वनिमुद्रण श्रेष्ठ, हा प्रश्न म्हणूनच दुय्यम आहे. एल्गारांनी हॉल यांचा लांबलेला स्वर ऐकला आणि तो आपल्याला हवा होता हे त्यांनी मान्य केले. रचनाकारालाच आपली रचना जर दुसऱ्याच्या फुंकरीतून अधिक ऐकू आली, तर श्रोत्यानेही ती अनेकांच्या हातून ऐकावी, यातच तिच्याशी इमान आहे.